न हुंगलेलं धोतर

नातीच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ती रडत नव्हती. अठरा दिवसांचं लेकरू सकाळपासून रडलं नाही याचं माझ्या मुलीला बरंच वाटलं होतं. पहिलं बाळंतपण, कित्येक दिवसांची झोप नाही, तिला वाटलं पोरगी शहाण्यासारखी निजली. मी ओसरीवर मशीन चालवत होते. पाजायची वेळ टळली म्हणून उठले, पोरीला उचललं, तर मान मागे लोंबली. हवा गार होती, कापसाची दुसरी वेचणी चालू होती, आणि हिचं अंग घामानं भिजलेलं. छातीत घरघर. मी बोटानं पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झाली होती.

मुलगी म्हणाली, "माय, काय झालं व तिले?"

"मले काय मालूम? उठ. दवाखान्यात जाऊ."

शेजारची म्हातारी दारात येऊन उभी राहिली. गावात कुणाच्याही घरी काही झालं की ती आधी पोचते. म्हणाली, "नजर लागली व. रोज नवं आंगडं घालून ठेवता पोट्टीले. मीठ-मिरच्या ओवाळ."

"तू ओवाळ. मी गाडी पाह्यतो."

फाट्यावर काळीपिवळी उभी होती. ती जीप भरल्याशिवाय निघत नाही. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आणखी चार शिटा होऊ द्या." मी त्याला लेकरू दाखवलं. त्यानं विडी टाकली आणि गाडी सुरू केली. पांढरकवड्यापर्यंत मी पोरीचं तोंड पदरानं पुसत होते आणि मुलगी मला विचारत होती, तू गुटी कोणती उगाळली. मी म्हटलं, तुला उगाळली होती तीच. मग ती म्हणाली, मी परवा वांगं खाल्लं, ते बाधलं का. मी म्हटलं, बाधलं असेल, खायचं नव्हतं. अशा आम्ही दोघी एकमेकींच्या चुका शोधत गेलो. पोरीच्या अंगावर काय आहे ते दोघींपैकी कुणाच्या मनात आलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. त्यानं बॅटरीनं डोळे पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरात फवारणीचं औषध ठेवता?"

"आमच्याकडे वावरच नाही."

"घरचं कोणी फवारायला जातं?"

"घरात आम्ही बायाच. जवाई शहरात गवंडीकाम करते."

त्यानं नर्सला पोरीचे कपडे काढायला सांगितले. नर्सनं आंगडं ओढून काढलं आणि माझ्या अंगावर टाकलं. डॉक्टर म्हणाला, "ते इकडे द्या." त्यानं ते नाकाला लावलं, मग माझ्यासमोर धरलं. "हुंगा. कुठलं कापड आहे हे?"

मी हुंगलं. कपाशीत जन्म काढलेल्या बाईला तो वास सांगावा लागत नाही. सडक्या लसणासारखा असतो आणि मागाहून जिभेच्या मुळाशी कडू लागतो. फार नव्हता, पण होता. आंगडं मी शिवलं होतं. कापड मी आणलं होतं. आणि ते हुंगायचं काम, आमच्या सात जणींत, माझं एकटीचं होतं.

हे समजायला आमचा धंदा सांगावा लागतो.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. बोंडं अळी खात होती, अळीला औषध लागू होत नव्हतं, म्हणून लोक अजून जास्त औषध मारत होते. कास्तकारांनी निंदायला बाया लावणं कमी केलं. दोघातिघांनी कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडली. आम्हाला जमीन नाही. त्यांचं वावर पिकलं तर आमची चूल पेटते, आणि बुडायची वेळ आली की आधी आमची मजुरी बुडते. त्यांच्याकडे पेपरवाले येत, पुढारी येत. ते जात तो रस्ता आमच्या वस्तीवरून जात नव्हता.

नागपूरची एक बाई बचत गटाच्या कामाला यायची. तिनं आमच्या गोधड्या पाहिल्या. म्हणाली, जुन्या कपड्यांपासून नवे कपडे शिवा, आंगडी-टोपडी करा, पिशव्या करा, जुन्या लुगड्यांची जाकिटं करा, शहरात याला मागणी आहे, याला टिकाऊ फॅशन म्हणतात. माझी जाऊ म्हणाली, "बाई, मंग आमी तं जल्मापासून फॅशनमंदीच आहो." नागपूरची बाईसुद्धा हसली. दोन मशीनी तिनं मिळवून दिल्या. बसायला विहाराची खोली होती.

वस्तीतून मात्र बोलणी बसली, आणि ती खोटी नव्हती. आमच्या वाडवडिलांना गावानं वापरून टाकलेली उतरण घालावी लागायची. मढ्यावरचं कापडसुद्धा आमच्याच वाट्याचं. धम्म घेतला तेव्हा ते सगळं सोडलं. माझ्या आईनं घरात होतं नव्हतं ते उतरणीचं कापड चुलीत घातलं आणि मग कित्येक दिवस एका लुगड्यावर काढले. धुतलेलं वाळेपर्यंत ती दार लावून आत बसायची. त्या बाईची मुलगी मी, पन्नाशी उलटल्यावर दारोदार जाऊन म्हणत होते, जुने कपडे आहेत का. विहारात एक म्हातारा सगळ्यांसमोर म्हणाला, "तुह्या मायनं जाळलं, ते तू गाठोड्यात बांधून आणून राह्यली."

म्हणून आम्ही नियम केला की फुकट काही घ्यायचं नाही. पाच कपडे घेतले तर त्यातूनच एक वस्तू शिवून त्या घरी परत द्यायची. दारात गेलं की आधी सांगायचं, मागायला आलो नाही, बदलायला आलो.

दुसरा नियम हुंगायचा. आमच्याकडे सदरा विटला, पँट गुडघ्यात फाटली, की ती फवारणीला जाते. जितकं कापड जुनं आणि मऊ, तितकं ते औषधात जास्त भिजलेलं. आणि जुनं द्या म्हटलं की घरातून तेच आधी निघतं. त्यामुळे प्रत्येक कापड हुंगायचं. तेही घरात नाही. हंगामात घरात सगळ्यालाच तो वास असतो, कोपऱ्यात डबे असतात, खुंटीला पंप असतो, नाक मरून जातं. कापड बाहेर आणायचं, वाऱ्यात उभं राहायचं, चारपाच श्वास मोकळे घ्यायचे आणि मग नाकाला लावायचं. वास आला की परत. काही घरी बाया चिडायच्या. एक म्हणाली, "आमचे कपडे तुले घाण वाटते तं मांगते कायले?" मी म्हटलं, "मांगत नाही, बदलतो." जाऊ म्हणायची, हिचं नाक पोलीस खात्यात पाहिजे होतं.

सगळ्यात जास्त आंगडी-टोपडी खपायची. लेकराला पहिल्यांदा जुनं घालायची रीत आहे, आणि तेही खूप जगलेल्या माणसाचं, म्हणजे त्याचं आयुष्य लेकराला लागतं म्हणतात. मी ते मानत नाही. जुनं सुती कापड लेकराच्या कातडीला टोचत नाही, एवढं मानते. पण गिऱ्हाईक विचारायचंच, कुणाचं धोतर आहे, किती वर्षं जगला.

गावातल्या थोरल्या कास्तकाराच्या घरी एक आबा होते. नव्वदीच्या पुढचे. दात शाबूत, काठी टेकत वावरात जायचे, पोटचं एकही लेकरू गेलेलं नाही. त्यांचं धोतर मागायला लोक दुसऱ्या गावाहून यायचे आणि ते घर कुणाला द्यायचं नाही. त्या साली आबांना पणतू झाला. घरची थोरली सून, तीही तेव्हा साठीची, तिनं मला निरोप पाठवला, आबांच्या धोतराचं आंगडं शिवून दे.

मी नेहमीसारखी मागच्या दाराशी गेले. ती म्हणाली, "मांगून काहून आली? समोरून ये." मला आत नेलं. खुर्ची दिली. चहा कपबशीत दिला, त्यांच्याच कपबशीत, मी पाहून घेतलं. माझी आई त्या घरी वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायची, अंगणात बसून. थोरल्या सुनेनं घडी केलेलं धोतर माझ्या हातात ठेवलं, टाकलं नाही. आबा खाटेवरून म्हणाले, "माह्यं आयुष्य नेऊन राह्यली व बाई. थोडंसं मले बी ठेव." सगळे हसले. मीही हसले आणि ते धोतर कपाळाला लावलं. कुणाच्या पाया न पडणारी मी.

समोरच्या दारानं बाहेर पडले. बायका दारात उभ्या राहून मला जाताना पाहत होत्या. त्यांच्यादेखत ते धोतर नाकाला लावायची मला लाज वाटली. ज्या घरानं पहिल्यांदा कपात चहा दिला, त्या घरच्या म्हाताऱ्याचं कापड हुंगायचं कसं? म्हटलं वळणापलीकडे हुंगू. वळणापलीकडे गेले तेव्हा मी त्या कपबशीचाच विचार करत होते.

विहारात जावेनं विचारलं, "हुंगलं का?"

मी म्हटलं, "हो."

ते आम्ही सोडा घालून उकळलं, दोन उन्हं दिली. तीन आंगडी निघाली, तीन टोपडी. एक जोड नियमाप्रमाणे आबांच्या घरी, पणतवासाठी. एक मी बाजारात विकला. तिसरा मी माझ्या नातीसाठी घरी आणला. कामातलं काही घरी न्यायचं नाही असंही ठरलेलं होतं. मी नेलं.

दवाखान्यात मी डॉक्टरला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की कापड जुनं आहे, दुसऱ्याच्या घरचं आहे, उकळलं होतं. तो म्हणाला, "उकळलं तरी राहतं. मोठ्या माणसाला काही झालं नसतं. लेकराची कातडी पातळ." त्यानं पोरीला साबणानं धुवायला लावलं, सुई दिली, थोड्या वेळानं आणखी एक दिली. म्हणाला, यवतमाळला न्या, इथं श्वासाचं मशीन नाही. दवाखान्याची गाडी दारात लागली. मग त्यानं विचारलं, "या कापडाचं आणखी काही आहे का?"

"दोन जोड आहेत."

"कुणाच्या अंगावर?"

मुलगी पोरीला घेऊन गाडीत बसली होती, नर्स नळी धरून शेजारी. मुलगी म्हणाली, "चढ ना माय."

"तू जाय. मी गावाले जातो. आणखी दोन लेकरं आहेत."

"ही तुही नात होये."

"हो."

"मंग?"

ड्रायव्हरनं दार लावून घेतलं.

परतीला हैदराबादकडून येणारा एक ट्रक मिळाला. फाट्यावर उतरून मी गावात चालत गेले. दिवस अजून वर होता. आबांच्या घरी दुसऱ्या दिवशी बारसं होतं. घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातले होते, पाळण्याला कुणी फुगे बांधत होतं, पाहुण्या बायका ओसरीभर बसलेल्या. या खेपेला मला कुणी समोरून ये म्हटलं नव्हतं. मी समोरूनच गेले.

पाळण्याजवळ पितळेच्या ताटात आंगडं-टोपडं ठेवलेलं होतं, वर हळदकुंकू. घातलेलं नव्हतं. बारशालाच घालायचं म्हणून राखून ठेवलेलं.

थोरली सून म्हणाली, "काहून आली? शिवाचं काही राह्यलं का?"

"ते आंगडं परत द्या. त्याले औषध लागलेलं आहे. माह्या नातीले घातलं, ती यवतमाळले दवाखान्यात आहे."

एक पाहुणी म्हणाली, "पाह्य बापा. आतापरेंत दिलं नाही म्हनून रडत होते, आता दिलं तं त्याच्यात इष निघालं. यायले चांगलं देऊनच पाहू नोको."

"आबाच्या अंगावरचं धोतर होतं ते," थोरली सून म्हणाली. "आबा काय फवारायले जाते?" तिनं आंगडं उचललं आणि हुंगलं. "काही वास नाही." शेजारणीला दिलं, तिनं पुढं दिलं. चौघींनी हुंगलं. कुणालाच वास आला नाही. येणार नव्हताच. कोठीचं दार उघडं होतं आणि आतले औषधाचे डबे मला उंबऱ्यापासून दिसत होते.

"भाईर चला. वाऱ्यात हुंगा."

"बारशाच्या आदल्या दिवशी आमाले आंगनात उभं करून कपडे हुंगायले लावते व ही!" कुणीतरी हसलं. पाळण्यातलं लेकरू जागं होऊन रडायला लागलं. ते चांगलं खणखणीत रडत होतं. मला तेवढं ऐकून बरं वाटलं, आणि माझी नात आठवून वाईटही.

खाटेवरून आबा म्हणाले, "आना इकडं."

कुणी दिलं नाही. तेव्हा ते स्वतः उठले, सुनेच्या हातातून आंगडं घेतलं, काठी टेकत अंगण ओलांडून निंबाखाली गेले. तिथं बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, या नाकाला काय कळणार. मग त्यांनी आंगडं तोंडापाशी नेलं, लांब धरलं, परत नेलं.

आत येऊन त्यांनी सगळ्यांना विचारलं, "कोनं पुसलं याच्यानं?"

त्यांनी आंगडं उंच धरलं.

"मी नेसत होतो तवा तं वास नव्हता. कोनं पुसलं?"

थोरली सून पाळण्याच्या खांबाला धरून खाली बसली. पोळ्याच्या सुमारास कोठीत औषधाची शिशी फुटली होती. जे दोरीवर हाताला लागलं त्यानं तिनं पुसलं. "दोनदा धुतलं, आबा," ती म्हणत होती. "साबन लावून दोनदा धुतलं. मंग ध्यानातच नाही राह्यलं." ती हे आबांना सांगत होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

आबा म्हणाले, "बरं. तुही चूक नाही. हिची बी नाही. मंग त्या लेकराचीच असन."

त्यांनी आंगडं-टोपडं माझ्याकडे दिलं आणि पुन्हा खाटेवर जाऊन बसले. मी निघाले तेव्हा थोरल्या सुनेनं मागून विचारलं, "नात कशी आहे?" मी म्हटलं, मालूम नाही. मी हुंगलं नव्हतं, हे मी त्या ओसरीवर सांगितलं नाही. तिनं सगळ्यांसमोर आपलं सांगितलं आणि मी माझं गिळून बाहेर पडले. त्याची लाज मला अजून आहे.

विहारात मात्र सांगितलं. सहा जणी होत्या. जाऊ म्हणाली, "मी तुले इचारलं होतं."

"हो."

"तू हुंगलं म्हनली होती."

"हो."

तिनं आपली कात्री उचलली, पदराला पुसली आणि निघून गेली. तिच्यामागे दोघी गेल्या. उरलेल्या तिघी बसून राहिल्या, पण मशीन कुणी चालवली नाही.

तिसरा जोड मी पांढरकवड्याच्या बाजारात विकला होता, पाच दिवस आधी. हिरव्या लुगड्यातली बाई, कानात मोठ्या बुगड्या. सुनेचे दिवस भरलेत म्हणाली. बोलता बोलता मुकुटबनचं नाव निघालं होतं, तिथली की तिथून पुढची, ते मी विचारलं नाही. मी तिला सांगितलं होतं, नव्वदीच्या माणसाचं धोतर आहे, तुमचा नातू शंभर वर्षं जगेल. असलं मी कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले, कारण माल खपवायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यवतमाळला गेले नाही, मुकुटबनला गेले. तिथल्या दवाखान्यातल्या नर्सला विचारलं, नुकतं कोण बाळंत झालं. तिनं चार घरं सांगितली. चारही घरं पाहिली, ती बाई तिथं नव्हती. चक्कीवर विचारलं, हँडपंपावर विचारलं. हिरवं लुगडं आणि बुगड्या म्हटलं की लोक हसायचे, अशा बाया तर घरोघरी. एका मोहल्ल्यात मला पोरं पळवणारी समजून दोन माणसांनी हाताला धरून रस्त्यावर आणून सोडलं. लहान लेकरू कुठं आहे असं विचारत फिरणाऱ्या अनोळखी बाईला दुसरं काय समजणार? आसपासच्या खेड्यांत आणखी दोन दिवस फिरले. जिथं गेले तिथं सांगून आले, धोतराचं पांढरं आंगडं कुणाकडे असेल तर जाळा. ऐकलं कुणी, नाही ऐकलं कुणी.

चौथ्या दिवशी यवतमाळला गेले. नात काचेच्या पेटीत होती, नाकात नळी. जगेल का, असं नर्सला विचारलं तर ती म्हणाली, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर म्हणाला, पाहू. मुलगी स्टुलावर बसली होती. ती उठली नाही, मी भिंतीला टेकून खाली बसले. ती म्हणाली, "भेटले का?"

"एक भेटलं. एक नाही."

आम्ही दोघी त्या पेटीकडे पाहत राहिलो. तिथं माणसं येत-जात होती, प्रत्येकाचं काहीतरी चाललेलं होतं. शेजारच्या वॉर्डात औषध फवारताना पडलेली माणसं होती, धडधाकट पुरुष, डोळ्यांवर पट्ट्या. त्यांच्या बायका आम्हाला विचारायच्या, एवढंसं लेकरू वावरात काहून नेलं होतं? आम्ही म्हणायचो, नेलं नव्हतं. त्यांचा विश्वास बसायचा नाही.

पोरीला पेटीतून काढलं तेव्हा मुलीनं तिला माझ्याकडे दिलं नाही. कितीतरी महिने दिलं नाही. मला माय म्हणणंही तिनं सोडलं होतं. काही लागलं तर नुसतं "ऐक" म्हणायची. मी ऐकायचे.

धंदा वर्षभर बंद राहिला. मग आम्ही चौघींनी पुन्हा सुरू केला, कारण मजुरी अजूनही नव्हती आणि मशीनी पडून होत्या. आमच्या गावातून आणि शेतीच्या कोणत्याही घरातून कापड घ्यायचं नाही असं ठरवलं. नागपूरची बाई शहरातून जुन्या साड्या पाठवते. त्यांना कपाटाचा वास असतो, डांबरगोळ्यांचा. लेकरांचे कपडे आम्ही शिवत नाही. जाकिटं शिवतो, उशांचे अभ्रे, मोठ्या माणसांच्या गोधड्या. प्रदर्शनात माल जातो तेव्हा बाई त्यावर एक चिठ्ठी लावते. मी चौथी शिकले आहे, मला वाचता येतं. आजीच्या मायेची ऊब, असं काहीतरी त्यावर असतं. मी तिला एकदा म्हटलं, धोतराचं लिहा. ती म्हणाली, "आजी, असं लिहिलं तर कोण घेईल?" तिचं बरोबर होतं. पण म्हणून ते मी इथं लिहिलं.

जाऊ परत आली नाही. समोर आली की बोलते, लग्नात जेवायला शेजारी बसते, पण त्या खोलीत पाऊल टाकत नाही. आता माझं नाक गेलं आहे, आमटी करपली तरी कळत नाही. कापड वस्तीतल्या तरण्या सुना हुंगतात. मी शेजारी बसते. दोघींनी हुंगल्याशिवाय कात्री देत नाही, आणि एकीनं हो म्हटलं तरी तिच्या तोंडाकडे पाहते. त्यांना माझा कंटाळा येतो. मलाही माझा येतो.

तीन वर्षं मी दर बाजाराला पांढरकवड्याला जाऊन तिथंच बसले, जिथं ते आंगडं विकलं होतं. हिरव्या लुगड्यातली बाई पुन्हा दिसली नाही. तिच्या घरी काय झालं ते मला माहीत नाही.

आबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. त्यांचा पणतू जगला. माझी नात जगली.